वाचली असं समजून

आमच्या लालबागच्या टॉवरमधले चौथ्या मजल्यावरचे काका वाचल्याशिवाय कशावरच सही करत नाहीत. ओळीखाली बोट ठेवून, ओठ हलवत वाचतात. कुरियरवाला तोवर पाणी मागून पितो.

नव्या सोसायटीच्या पहिल्याच सभेत मी नियमावली ठेवली. "वाचली असं समजून मंजूर?" भराभर हात वर झाले.

"वाचूया की रे," काका म्हणाले.

अठराव्या नियमावर बोट थांबलं. "पोहण्याच्या तलावातून ओल्या अंगाने लिफ्टमध्ये येऊ नये."

सभेत हशा पिकला. माटुंग्याच्या एका सोसायटीची नियमावली मी जशीच्या तशी उतरवली होती.

"खोडतो, काका."

"खोडतोस काय? मंजूर कर! उद्या बिल्डरला विचारू, नियम तयार आहे, तलाव कुठाय?"