जैनबभाभींचा फोन

भाभी गेल्याचं मला कामथडीच्या फाट्यावर कळलं. पापडांची पिशवी घेऊन उभी होते, तर टेम्पोवाला म्हणाला, "आज बूथ बंद हाय वहिनी. जैनबभाभी पहाटं गेल्या." मी पिशवी धरून तशीच उभी राहिले... आता पुण्याला फोन कोण करणार, हेच आधी मनात आलं.

कापूरहोळला भाभींचा एसटीडी बूथ होता. मी नाचणीचे पापड करायची आणि दुकानदारांना फोन भाभी लावायच्या. चौथी शिकलेय, लिहिता येतं. पण अनोळखी माणसाचा आवाज कानात आला की मला बोलता येत नाही. पापडांच्या आधी दिरांच्या ढाब्यावर भांडी घासायची, ट्रकवाल्यांच्या नजरा चुकवत. दुकानांची मागणी तुटली तर परत ढाबा, हे घरात ठरलेलंच होतं.

भाभी फोनवर पापडाचं नाव काढायच्याच नाहीत. दुकानदाराच्या आईचे गुडघे, मुलीची परीक्षा... शेवटी तोच म्हणायचा, पापड पाठवा. एकदा त्यांनी मलाच केबिनमध्ये ढकललं आणि बाहेरून काचेच्या दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या. "आज तूच बोल. बोलल्याबिगर सोडणार न्हाई." पलीकडून हॅलो हॅलो झालं. मी फोन ठेवून दिला. बाहेर आले तर भाभी मशीनमधली बिलाची चिठ्ठी फाडत होत्या. "ह्याला लाजंचं काय कळत न्हाई बग. कॉल पडला."

मग कळलं, भोरला ईमेल करता येतो. नुसतं लिहायचं, बोलायचं नाही! वाटलं, सुटले. मजकूर कागदावर लिहून नेला, सायबर कॅफेतल्या बाईंनी तो नव्या दुकानांना पाठवला. मग दर गुरुवारी एसटीनं भोर. "काही नाही आलं," बाई सांगायच्या. भाभी म्हणायच्या, "अगं, फोनवर न्हाई म्हणला तर मानसाला दुसरं काय तरी इचारता येतं. हितं कुनाला इचारनार?" शेवटी एक उत्तर आलं. 'आपला फोन नंबर कळवा.' भाभी इतक्या हसल्या की रस्त्यावरचं माणूस आत डोकावलं. मला रडू येत होतं.

भाभींना जाऊन तीन आठवडे झाले, तरी मी बूथकडे फिरकले नाही. घरात पापडांचे डबे भरत चालले. दीर येऊन म्हणाले, "वहिनी, सोमवारपास्नं येताय न्हवं?" मी डब्यांची झाकणं लावत राहिले.

परवा बूथवर गेले. युसूफभाईंनी, भाभींच्या मालकांनी, केबिनचा दिवा लावला. आत अजून भाभींच्या अत्तराचा वास होता. नंबर लावला. पलीकडून पुण्याच्या एका जुन्या दुकानदारांचं हॅलो आलं. ठेवणार, तेवढ्यात ते म्हणाले, "पापडवाल्या ताई का? भाभींनी सांगून ठेवलंय, कुणी बोललं नाही तर फोन ठेवू नका, तिला वेळ लागतो. सावकाश बोला. मी थांबतो."

ते खरंच थांबले. पलीकडे वजनं वाजत होती, गिऱ्हाईकं हाका मारत होती. आता मला ठेवायचीही सोय उरली नाही.

"भाभी गेल्या," मी म्हणाले.

पलीकडची वजनं वाजायची थांबली. गिऱ्हाईकं हाका मारतच होती... आता दुकानदारांना वेळ लागत होता. मी फोन कानाला धरून उभी राहिले.