वडाभात आणि विलायतेची पार्लमेंट

लग्नाला जेमतेम वर्ष झालं असताना मी एक मोठा गाढवपणा केला. पाच विरुद्ध दोन असा जिंकलेला डाव मी स्वतःच्या हातांनी मोडत आणला, आणि मोडताना मला वाटत होतं की आज या घराला माझी किंमत कळते आहे. नातवंडांना मी हे सांगत नाही. त्यांच्या लेखी आजी जन्मतःच शहाणी.

विदर्भ महाराष्ट्रात येऊन थोडीच वर्षं झाली होती. सीताबर्डीच्या मागच्या गल्लीत आम्ही भाड्यानं राहत होतो. मामंजी, म्हणजे माझे सासरे, कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. सासूबाई, थोरले दीर (आमच्याकडे त्यांना भासरे म्हणतात), जाऊबाई, माझा नवरा, धाकटी नणंद आणि मी. मी बी.ए.ला राज्यशास्त्र घेतलं होतं आणि ब्रिटिश राज्यघटनेचं जाड पुस्तक माहेरून बरोबर आणलं होतं. जाऊबाई येताना पितळी डबे घेऊन आल्या होत्या. कोणाचं सामान कामाचं होतं ते तुम्हीच ठरवा.

प्रश्न नणंदेचा होता. कामठीच्या मुलींच्या शाळेत तिला शिक्षिकेची जागा मिळाली होती. सोमवारी शाळा उघडणार, आणि मुख्याध्यापिकाबाईंनी निरोप धाडला होता की पहिल्या दिवशी हजर नसलीस तर जागा दुसरीला देऊ. मामंजी नाही म्हणाले. रोज बसनं जाणं, तेही लष्करी छावणीच्या गावी, त्यांना पसंत नव्हतं. नणंदेनं शनिवारपासून जेवण सोडलं होतं, पण रविवारी सकाळी दोन सुती साड्या खळ घालून वाळत टाकल्या होत्या. घरात मात्र अजूनही कोणी कोणाशी धड बोलत नव्हतं.

रविवारी मामंजी चहाबरोबर इंग्रजी वर्तमानपत्र मोठ्यानं वाचत आणि मग आम्हाला मराठीत समजावून सांगत. त्या दिवशी लंडनच्या पार्लमेंटमधल्या वादाची हकीकत आली होती. कोण उठलं, कोण कोणाला लागट बोललं, सगळं वाचून झाल्यावर पेपर घडी करत ते म्हणाले, "दिवसभर भांडले. एकमेकाची इज्जत काढली. पण शेवटी मतं मोजली अन् विषय खतम. कोणी रुसलं नाही, कोणी जेवण सोडलं नाही. याले म्हणते राज्य करणं."

शेवटचं वाक्य नणंदेच्या खोलीच्या दिशेनं होतं.

मी सासऱ्यांशी थेट बोलत नसे. बोलायचं ते सासूबाईंना, मामंजी चार हातांवर बसलेले असले तरी. मी म्हणाले, "आई, मामंजींना विचारा, मग आपणही तसंच करायचं का? दोन्ही बाजूंनी बोलू, मतं घेऊ, आणि निकाल लागेल तो सगळ्यांनी मानायचा."

सासूबाई मामंजींना म्हणाल्या, "ऐकलं नं?"

"तिले सांग, ऐकलं," मामंजी म्हणाले. पण डोळे चमकले होते. पार्लमेंट म्हटल्यावर त्यांना नाही म्हणवेना.

आणि तिथून माझं डोकं फिरलं. मी पुस्तक काढून बैठकीच्या मधोमध उभी राहिले आणि नियम सांगू लागले. सभागृहात कोणी कोणाशी थेट बोलत नाही. जे बोलायचं ते अध्यक्षांना उद्देशून. सदस्याचं नाव घ्यायचं नाही, 'समोरचे सन्माननीय सदस्य' म्हणायचं.

जाऊबाई पदर सावरत म्हणाल्या, "मंग नवीन काय हाये वं त्याच्यात? नवऱ्याचं नाव मी आजपर्यंत घेतलं नाही, अन् मामंजीसंग बोलायचं तं आईच्या थ्रू."

मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

अध्यक्ष कोण, हा प्रश्न आला. वयानं, मानानं योग्य अशा सासूबाईच. मी त्यांना हात धरून मामंजींच्या आरामखुर्चीत बसवलं. त्या खुर्चीत त्या आयुष्यात बसल्या नव्हत्या. तांदूळ निवडत होत्या, ते सूपही मांडीवर घेऊन बसल्या. मामंजी आत गेले आणि बंद गळ्याचा कोट, टोपी घालून आले. जून महिन्यातला नागपूरचा उकाडा, पंखा नावापुरता, आणि हा माणूस कोटात. पार्लमेंटमध्ये राजदंड असतो हे त्यांना माहीत होतं, म्हणून स्वयंपाकघरातून लाटणं आणवून टीपॉयवर ठेवलं. मग बाहेरच्या दाराला कडी घातली आणि जाहीर केलं, "निकाल लागेपर्यंत कोणी उठायचं नाही."

पहिलं भाषण त्यांचंच. ते कामठीवर सुरू झालं आणि लगेच त्यांच्या जुन्या गोऱ्या साहेबाकडे गेलं. साहेब टपाल कसं बघत असे, साहेबाचा कुत्रा कचेरीत कुठं बसत असे. आम्ही हे सगळं तोंडपाठ ऐकलं होतं, पण मध्ये बोलायची कोणाची छाती नव्हती. कुत्र्याचं आजारपण सुरू झालं तेव्हा खुर्चीतून आवाज आला, "विषयावर या."

मामंजी थबकले. सासूबाईही थोड्या थबकल्या. मग सुपातला खडा उचलून बाजूला टाकत पुन्हा म्हणाल्या, आणि या वेळी चव घेत म्हणाल्या, "विषयावर या म्हटलं."

"अशा वेळी 'ऑर्डर, ऑर्डर' म्हणायचं असतं, आई," मी सांगितलं.

"तू चूप बस," अध्यक्षबाई म्हणाल्या.

भासऱ्यांचं म्हणणं थोडक्यात होतं. लोक म्हणतील, घरात दोन कमावते भाऊ असून बहिणीला बसच्या धक्क्यात पाठवतात. त्यावर जाऊबाई उठल्या. "अध्यक्षबाई, समोरच्या सदस्याइले विचारा, कोणते लोक? गेल्या दिवाळीले मी म्हटलं होतं मले सीताबर्डीवर साडी घ्यायची हाये, तं सदस्य म्हणाले एकटी जाय, मले टाइम नाही. तवा लोक कुठी गेले होते?"

"हे विषयाला सोडून आहे," भासरे लाल होत म्हणाले.

"चालू द्या," अध्यक्षबाई म्हणाल्या.

"अन् कामठीले सैनिक हायेत म्हणून भेव वाटते, तं बर्डीवर काय सारे साधू फिरते?"

मग मी बोलले. माझं भाषण सगळ्यांत लांब झालं. त्यात थेम्स नदी होती, राजा होता, राजाशी भांडलेले सरदार होते. कामठी नव्हती. नणंद दाराच्या चौकटीला टेकून माझ्याकडे बघत होती. आशेनं बघते आहे असं मला वाटलं. आता वाटतं, तिला त्या चौकटीतलं लाकूड उपटून माझ्या डोक्यात घालायचं असावं.

मतांची वेळ आली. माझ्या मनात हिशेब पक्का होता: सासूबाई, जाऊबाई, नवरा, नणंद आणि मी एकीकडे, मामंजी आणि भासरे दुसरीकडे. होकाराचे लोक अध्यक्षांच्या उजव्या हाताला जातील, तिकडे स्वयंपाकघर. नकाराचे डावीकडे, व्हरांड्यात. इथपर्यंत ठीक होतं. इथं मी पुस्तक मिटलं असतं तर हे लिहायची वेळ आली नसती.

"मोजायला माणूस लागेल," मी म्हणाले आणि नवऱ्याला उभं केलं.

त्यानं मोजायला सुरुवात केली ती स्वतःपासून. "एक."

"मोजणाऱ्याचं मत धरत नाहीत," मी म्हणाले.

"काहून?"

"तसा नियम आहे."

नणंद स्वयंपाकघराकडे निघाली. मी तिलाही अडवलं. ज्या सदस्याचा स्वतःचा लाभ असेल त्यानं मत देऊ नये, असं पुस्तकात होतं. ती परत चौकटीला जाऊन टेकली. मला वाटलं, बघा, किती निःपक्षपाती आहे मी.

स्वयंपाकघरात जाऊबाई आणि मी. व्हरांड्यात मामंजी आणि भासरे. "दोन-दोन," नवरा म्हणाला. जाऊबाईंनी माझ्या दंडाला असा चिमटा काढला की निळं पडलं.

सासूबाई सूप बाजूला ठेवून उठू लागल्या. "मंग काय राह्यलं? माह्यं मत पोरीच्या बाजूनं."

आणि मी, बी.ए., स्वयंपाकघराच्या दारातून ओरडले, "आई, नाही. अध्यक्षांनी असं मत द्यायचं नसतं."

व्हरांड्यातून मामंजींचा आवाज आला, "तिले सांग, अगदी बरोबर बोलली. एकीनं तरी नीट वाचलं हाये." त्यांनी माझं कौतुक करण्याची ती पहिलीच वेळ. मी अशी फुगले की विचारू नका. मग नणंदेकडे नजर गेली. ती दोरीवरच्या साड्या काढायला चालली होती, ओल्या असतानाच. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला की मी काय करून बसले आहे.

सासूबाई अर्ध्या उठलेल्या तशाच राहिल्या. "मंग बरोबरी झाली तं अध्यक्षानं काय करायचं म्हणते तुह्यं पुस्तक?"

मला आता खोटं बोलावंसं वाटत होतं, पण मामंजी ऐकत होते. "शक्य असेल तर चर्चा पुढं चालू राहील असं मत द्यायचं. शक्य नसेल तर जसं आहे तसं राहू द्यायचं."

"चर्चा चालू ठेवता येते?"

"हो, येते."

"मंग ठेवा," सासूबाई म्हणाल्या, खुर्चीत टेकल्या आणि पहिल्यांदाच पाय लांब केले. "ए पोट्टे, साड्या वाळू दे. या सारे आत. बोला."

बोलायला कोणाकडे काही उरलं नव्हतं. सगळे बसले. रविवारी आमच्याकडे वडाभात होई आणि तो सासूबाईच करत. वड्यांसाठी चार डाळी रात्रीच भिजत घातल्या होत्या. उन्हं अंगणात पसरली, शेजारच्या घरातून फोडणीचा वास आला. भासऱ्यांच्या पोटातून आवाज आला, तो सगळ्या सभागृहानं ऐकला.

मामंजी घाम पुसत म्हणाले, "जेवणाचं पाहा आता."

"मी कशी उठू?" सासूबाई म्हणाल्या. "निकाल लागेपर्यंत कोणी उठायचं नाही, असं समोरच्या सदस्यानं सांगितलं हाये."

"सुना करतील."

"त्याही सदस्य हायेत."

"डाळ आंबून जाईन नं."

"विषयावर या."

भासऱ्यांनी घसा खाकरला. त्यांना म्हणे पुन्हा मतं घ्यावीत असं वाटत होतं. सासूबाईंनी मान हलवली. नवरा मोजायला उभा राहिला. मी आणि जाऊबाई स्वयंपाकघरात शिरलो, आणि आमच्या मागून भासरे आले. सरळ फळीवरच्या चिवड्याच्या डब्याकडे गेले आणि मूठ भरली. ते बहिणीच्या बाजूनं आले की चिवड्याच्या, हे कोणी विचारलं नाही. नवऱ्यानं घाईघाईनं ओरडून सांगितलं, "तीन. अन् व्हरांड्यात एक."

व्हरांड्यात मामंजी एकटेच उभे होते, कोटात, पाठमोरे. त्यांनी टोपी काढली, मग कोटाचं वरचं बटण, मग बाकीची. "मत पडलं," ते म्हणाले. "विषय खतम." मग कोट हातावर टाकत म्हणाले, "अध्यक्षबाई, आता वडे तळा." त्या दिवशी नणंद जेवली, आणि मामंजींच्या शेजारी बसून जेवली.

सोमवारी सकाळी मामंजी तोच कोट घालून तिला बसपर्यंत सोडायला निघाले. साडीची खळ कडक बसली होती, ती चालताना आवाज करत होती. मी डबा घेऊन फाटकापर्यंत गेले. आता ही माझे आभार मानेल, असं मला खरंच वाटत होतं. 'अगं, त्यात काय एवढं' हे उत्तरही तयार ठेवलं होतं. तिनं डबा घेतला, मामंजी दोन पावलं पुढं गेल्याची खात्री केली आणि म्हणाली, "वैनी, आता पुढं माह्या लग्नाची गोठ निघन. तवा तू चार दिवस माहेरी जाऊन राह्यजो, अन् ते पुस्तकही संग घेऊन जाजो."