आबांचा फळा आणि माझा बॅकअप

रोज दुपारी साडेबाराला मला एक मेल यायचा. बॅकअप पूर्ण झाला, एवढंच त्यात असायचं. इचलकरंजीत माझ्या कॉम्प्युटर क्लासमध्ये तेव्हा दुपारच्या बॅचची पोरं येऊन बसत असायची. मी मेल बघायची, जिवाला बरं वाटायचं आणि काढून टाकायची. दीड-पावणेदोन वर्षं हे चाललं. एकदाही त्या बॅकअपच्या आत काय आहे ते उघडून बघितलं नाही. पुढं मी आबांवर चिडले ते सांगणार आहे, म्हणून माझी चूक आधीच सांगून टाकलेली बरी.

आबा म्हणजे माझे वडील. नोकरी बस डेपोत मेकॅनिकची, पण शिवाजी पेठेत त्यांना सगळे ओळखायचे ते फळ्यावरून. आमच्या गल्लीच्या तोंडाला तालमीच्या भिंतीवर काळा फळा होता. सकाळी ड्यूटीला जायच्या आधी आबा त्यावर खडूनं पेठेच्या बातम्या लिहायचे. कोण वारलं, रक्षाविसर्जन कधी, कालची मॅच कुणी मारली, नळाला पाणी किती वाजता येणार. चार-सहा ओळी, पण अक्षर असं की परगावचा पावणाही थांबून वाचायचा. शेवटी कधीतरी एखादी ओळ स्वतःच्या पदरची असायची. एकदा लिहिलं होतं, मॅच हरली म्हणून जेवणावर राग काढू नये, जेवण रेफ्रीनं केलेलं नसतं. अख्खी पेठ दिवसभर हसत होती.

फळ्याशेजारी सार्वजनिक नळ होता. आई घागर भरायला जायची तेव्हाच आबांची लिहायची वेळ. आई त्यांच्या फडक्यावर ओंजळभर पाणी ओतायची आणि आबा कालचं सगळं पुसून काढायचे. एक अक्षर ठेवायचे नाहीत. मी एकदा विचारलं होतं, निम्म्या फळ्यावर कालचं राहिलं तर काय बिघडतंय? तेव्हा म्हणाले, "ज्याच्या घरात काल माणूस गेलंय, त्यानं आज परत ते फळ्यावर वाचायचं व्हय?" त्यांचा हा नियम पंचवीस वर्षांत एकदाही मोडला नाही.

आई हातकणंगल्याकडच्या खेड्यातली, शाळा दुसरीपर्यंत. ती वाचायला शिकली त्याच फळ्यावर. घागर कमरेवर घेऊन एकेक अक्षर जुळवत उभी राहायची आणि तिच्यासाठी आबा अक्षर आणखी मोठं काढायचे. पेपर तिला कधी जमला नाही, बारीक अक्षर बघितलं की ती वैतागायची. फळा मात्र रोज पहिल्यांदा तीच वाचायची.

मग फ्लेक्सचं खूळ आलं. कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स फळ्यावर लागला. तो उतरला की दुसरा. आबांनी दोन-तीनदा सांगून बघितलं, मग सोडून दिलं. त्याच सुमाराला ते रिटायर झाले. सकाळी लवकर उठून खुर्चीत नुसतेच बसलेले असायचे. मला बघवेना. क्लासमधला एक जुना कॉम्प्युटर मी रिक्षात घालून माहेरी आणला, नेट घेतलं आणि आबांना ब्लॉग काढून दिला. पेठेतून पुण्या-मुंबईला, आखातात गेलेली पोरं वाचतील म्हटलं. आबा एका बोटानं टाइप करायला शिकले. मी वहीत पायऱ्या लिहून दिल्या. निघायच्या गडबडीत होते, बस चुकत होती, तेवढ्यात त्यांनी विचारलं, "लिवलेलं काढायचं कुठनं?" मला वाटलं, चुकलं-बिकलं तर काढायला विचारतायत. मी बटण दाखवलं आणि पळाले.

आणि बॅकअपचं मीच केलं, मोठ्या हुशारीनं. कॉम्प्युटर जुना, आबा नवखे, काही बिघडलं तर सगळं जाईल, म्हणून असं बसवलं की रोज दुपारी आपोआप ब्लॉगची प्रत निघेल आणि इंटरनेटवरच्या माझ्या जागेत, क्लाऊडवर, जाऊन बसेल. कुणी हात लावायला नको. फुकटची जागा थोडी होती, म्हणून सेटिंगमध्ये एक खूण करून ठेवली, नवी प्रत आली की जुनी काढून टाकायची. रोज अख्खा ब्लॉगच येणार, तर कालची प्रत कशाला हवी? असा माझा हिशेब.

वर्षभरानं आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. त्यानंतर एक दिवस शेजारच्या काकू तिला म्हणाल्या, "काय गं, तुझ्या मालकांनी तुझ्यावर लिवलंय म्हणं." त्यांचा मुलगा दुबईत, तो ब्लॉग वाचायचा, त्यानं फोनवर सांगितलं होतं. आईनं आबांना विचारलं तर ते लाजले आणि खाली फिरायला गेले. मग तिनं मला फोन केला. काय लिवलंय तेवढं वाचून दाखव की, म्हणाली. माझ्या सासऱ्यांचं आजारपण चालू होतं, क्लासच्या परीक्षा होत्या. मी म्हटलं, "आई, जपून ठेवलंय मी सगळं, कुठं जातंय? आले की निवांत वाचून दाखवते." त्यानंतर तिनं तीनदा तरी आठवण केली. तिन्ही वेळा मी हेच सांगितलं. मधून मधून मी ब्लॉग उघडायची, पण वरची त्या दिवसाची बातमी वाचली की लगेच बंद. खाली काय आहे ते बघायला मला सवड नव्हती.

आबा गेले त्या दिवशीसुद्धा साडेबाराला मेल आला होता. चार वाजता फोन आला. जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत.

चौदाव्याच्या दिवशी पावणे गेल्यावर आई माझ्याजवळ येऊन बसली. तिनं कॉम्प्युटरकडं बघितलं. मला कळलं. मी ब्लॉग उघडला. वर एक नोंद होती, ते गेले त्या दिवसाची. तिच्याखाली काही नाही. मागं गेले, पुढं आले, पुन्हा उघडून बघितला. एकच. शेजारी आबांची वही होती. माझ्या पायऱ्यांच्या वर, त्यांच्या त्या देखण्या अक्षरात, त्यांनी एक पायरी वाढवली होती. एक, कालचं पुसणे.

माझं डोकंच फिरलं. गेलेल्या बापावर एवढं कुणी चिडलं नसेल. इथं कुठं जागा संपणार होती, आबा? इथं कशाला पुसायचं? मनातल्या मनात वाट्टेल ते बोलले. मग क्लाऊड आठवला. म्हटलं, तिथं तर रोजची प्रत गेलीय. उघडला. तिथंही एकच फाइल. आत एकच नोंद. मग आठवलं, जुनी प्रत काढायची खूण मीच तर करून ठेवली होती. रोज दुपारी आबांचा एक दिवस सुखरूप तिथं पोचत होता आणि दुसऱ्या दिवशी मी तो पुसत होते. त्यांनी निदान सवयीनं पुसलं. मी शिकलेली, दुसऱ्यांना शिकवणारी. आईच्या शेजारी बसून मी तोंड दाबून रडले.

काकूंच्या मुलाला दुबईला फोन लावला. त्याला आठवेना. लई चांगलं लिवलं होतं, ताई, म्हणाला, डोळ्यावरची पट्टी काढली तेव्हाचं काहीतरी होतं. फार विचार केला बिचाऱ्यानं, पण एक ओळही सांगता आली नाही.

आईला सांगावं लागलं. वाटलं, स्वतःच काहीतरी रचून वाचून दाखवावं, तिला काय कळतंय. पण तोंड उघडेना. खरं तेच सांगितलं, आबांनी पुसलं आणि मीही पुसलं. ती म्हणाली, "मग ते एक कसलं हाय? ते तरी वाच."

मी वाचलं. उद्या पेठेत पाणी येणार नाही. आजच भरून ठेवावे. घरातल्या बाईला एकटीला घागरी उचलायला लावू नये.

"त्या दिवशी मला एक घागर उचलू दिली न्हाय," आई म्हणाली. "मी म्हटलं, आज काय झालंय ह्यास्नी."

मग म्हणाली, अक्षर मोठं कर. मी मोठं केलं. आणखी कर, म्हणाली. एका वेळी दोन-तीन शब्दच मावतील एवढं झालं तेव्हा ती पुढं सरकली आणि पडद्यावर बोट ठेवून, पूर्वी फळ्यासमोर वाचायची तसं, एकेक अक्षर लावत तिनं ते सगळं वाचून काढलं. मी पुढचा शब्द आणत राहिले. शेवटचा शब्द संपल्यावर तिनं बोट काढलं नाही.

"आता हे कोण पुसणार?" तिनं विचारलं.

कुणी नाही, मी म्हटलं.

"व्हय," ती म्हणाली आणि पदर डोळ्याला लावला. आबा गेल्यापासून ती पहिल्यांदाच रडली.