गोड्या पाण्यातली कालवं

जैतुनबी रेवदंड्याच्या खाडीकाठून लोणावळ्याला आली ती सतराव्या वर्षी, लग्न होऊन. नवरा बद्रुद्दीन रेल्वेत सांधेवाला होता. इथली थंडी, इथला पाऊस तिने लवकर अंगवळणी पाडून घेतला. खाडीबद्दल ती फारशी बोलत नसे. कालवं, म्हणजे खाडीतल्या खडकांना चिकटलेले शिंपले, फोडायचा आखूड लोखंडी टोचा मात्र तिच्या पेटीत होता.

चौसष्ट सालच्या डिसेंबरात तिचे वडील अल्लाउद्दीन तिच्याकडे राहायला आले. ताप उतरला होता, पण अन्नावरची वासनाच गेली होती. दिवसभरात चहा आणि दोन चमचे पेज. डॉक्टर म्हणाले, मागतील ते द्या, पोटात काहीतरी गेलं पाहिजे. म्हाताऱ्याने कालवं मागितली, तीही कच्ची, शिंपीतून काढून तशीच.

रेवदंड्याला तिच्या भावाला पाठवायचं पत्र मी लिहून दिलं; आळीतली पत्रं माझ्याकडूनच लिहून घेतली जायची. आठव्या दिवशी मुंबईच्या गाडीने ओल्या गोणपाटात बांधलेली कालवं आली. जैतुनबी तेव्हा औषध आणायला दवाखान्यात गेली होती. गोण शेजारच्या सावित्राबाईंनी उतरवून घेतली. पुढचं सगळं मला त्यांनीच सांगितलं.

सावित्राबाई नदीकाठच्या वराळे गावच्या. नदीतल्या शिंपल्या आणल्या की त्या रात्रभर पाण्यात ठेवायच्या, म्हणजे शिंपल्या माती सोडतात. तसंच त्यांनी ही दगडासारखी कालवं घमेल्यात ओतून वर नळाचं पाणी घातलं.

"तुजी जनावरं पाण्यात सोडलीत गं," जैतुनबी आल्याआल्या त्या म्हणाल्या. "तान्हेली व्हती बिचारी."

"कधी सोडलीत, मावशी?"

"दोन तास झालं असतील. का गं?"

"खाऱ्या पाण्यातली आहेत ती. गोड्या पाण्यात मरतात."

"आगं बया. मेली का समदी?"

जैतुनबीने घमेलं कलतं करून पाणी ओतून दिलं आणि एकेक कालव हातात घेऊन टोच्याने ठोकून पाहू लागली. घट्ट मिटलेलं ते जिवंत. उघडं असेल आणि ठोकूनही मिटत नसेल तर टाकायचं, कारण मेलेलं कच्चं खाता येत नाही. चाळिसातली तेवीस उरली.

"लय गेली," सावित्राबाई म्हणाल्या.

"बाबांना पुरतील."

तळहातावर फडकं घेऊन तिने टोचा शिंपीच्या बिजागरीत घातला, पिळला, वास घेतला आणि अर्ध्या शिंपीतलं कालव वडिलांच्या हातात दिलं. लिंबाची फोड जवळ ठेवली. अल्लाउद्दीननी ते तोंडात घेऊन बराच वेळ घोळवलं.

"याचा खारटपणा कुठं गेला? गोड्या पाण्यात कुणी घातली?"

सावित्राबाई दारातच उभ्या होत्या.

"मीच," जैतुनबी म्हणाली. "चिखल होता, म्हणून."

"खाडीची पोर, आणि कालवं भिजत घालते. आई असती तर टोचा हिसकावून घेतला असता तुझ्या हातातून."

"विसरले, बाबा."

"विसरशीलच. वीस वर्षं डोंगरात राहून बकरी झालीस. मीठ आण चिमूटभर."

मीठ आलं. दुसरं खाल्लं, तिसरं खाल्लं. दर कालवामागे एक टोमणा. जैतुनबी मान खाली घालून पुढचं फोडत होती. सावित्राबाई बोलायला तोंड उघडायच्या, तर ती नजरेनेच त्यांना गप्प करायची. माणूस चिडून का होईना, खात होता.

नवव्या कालवानंतर अल्लाउद्दीननी हात पुसले.

"नवऱ्याला तरी नीट करून घालतेस का काही?" त्यांनी विचारलं. "पेज आहे? आण वाटीभर."