शेवटचा चहा कोणी दिला?

माझ्या बायकोच्या काकांइतका संशयी माणूस मीरा-भाईंदरच्या हद्दीत दुसरा नाही. आणि असलाच, तर तो आपल्याच मागावर असणार, असं खुद्द काकांचं मत आहे. भाईंदरच्या इंद्रलोक वस्तीतल्या त्यांच्या घराची बेल वाजवली की आधी दाराचं भिंग काळं होतं, मग आतून आवाज येतो, "कोण?" मी म्हणतो, "जावई." "कुणाचे?" पुतणीचं नाव सांगितलं की दार साखळीपुरतं उघडतं आणि पुढची चौकशी माझ्या हातातल्या पिशवीची होते. एकदा मी पेरू नेले होते. काकांनी एक पेरू उजेडाकडे धरून सगळीकडून न्याहाळला आणि विचारलं, "सगळे सारख्याच आकाराचे कसे हो, जावईबापू?" याचं उत्तर पेरूवाल्याकडेही नसतं. सोसायटीचा सेक्रेटरी हसून नमस्कार करतो, म्हणजे पाण्याची वेळ बदलणार; समोरच्या गुजराती वहिनी ढोकळा पाठवतात, म्हणजे त्यांचे पाहुणे आपल्या जागेत गाडी लावणार. यातलं निम्मं खरं ठरतं, हीच खरी पंचाईत. एखादा माणूस सारखाच चुकत असला तर त्याच्याकडे दुर्लक्ष करता येतं.

या संशयाचं मूळ त्यांच्या नोकरीत असावं. काकांनी उभा जन्म टेलिफोनच्या तारा जोडण्यात घालवला. खांबावर चढून लाइन तपासताना लोकांचं बोलणं कानावर पडायचंच. "माणूस फोनवर एक बोलतो आणि फोन ठेवला की दुसरंच," हे त्या नोकरीनं त्यांना शिकवलं. पण त्यांच्या सगळ्या संशयांचा राजा म्हणजे एका परदेशी रॉक गायकाचा मृत्यू. तरुणपणी काका त्याच्या गाण्यांवर जीव टाकत. एका जुन्या गिटारवर त्याच्या सुरावटी ते इतक्या मनापासून वाजवत, की खालच्या मजल्यावरची माणसं वर येऊन तब्येतीची विचारपूस करत. तो गायक ऐन भरात असताना एका हॉटेलच्या खोलीत वारला. झोपेत हृदय बंद पडलं, असं जाहीर झालं आणि जगानं ते मानलं. काकांनी मानलं नाही. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण ते नाव घेतलं की मोबाइल कान टवकारतो, असं काकांचं म्हणणं. त्यांच्या घरात त्याला 'आपला माणूस' म्हणतात आणि विषय निघाला की सगळ्यांचे फोन पोह्यांच्या डब्यात जातात. एकदा माझ्या बॉसचा फोन त्या डब्यातूनच वाजला होता. तेव्हा काकांनी मला ओठांवर बोट ठेवायला लावून, वाजून थांबेपर्यंत डब्याचं झाकण दाबून धरलं होतं.

काकांचा पुरावा मोठा होता. झोपेत गेलेल्या माणसाच्या पायांत बूट कसे? बुटांच्या नाड्यांना दुहेरी गाठ का? बाहेर बर्फ पडत असताना खिडकी कोणी उघडली? आणि सगळ्यात मुख्य म्हणजे टेबलावरचा चहाचा रिकामा कप. "शेवटचा चहा कोणी दिला?" असं विचारून काका आमच्यातल्या एकेकाकडे असे बघत, की आपण त्या वेळी कुठे होतो हे आठवावंसं वाटे. उत्तरही तेच देत. "बायकोनं! खोलीत दुसरं होतं कोण? अंत्ययात्रेतला तिचा फोटो बघा. डोळ्यांत पाणी नाही. एक थेंब नाही!" हा खटला त्यांच्या दिवाणखान्यात वर्षानुवर्षं चालू होता आणि त्या परदेशी बाईची एकदाही सुटका झाली नव्हती.

तिचे एकुलते एक वकील होते डॉमनिक. उत्तनच्या कोळीवाड्यातले ख्रिस्ती गृहस्थ, काकांचे जुने दोस्त. लग्नाच्या बँडमध्ये काका गिटार वाजवत तेव्हा हे ड्रम वाजवत. दर रविवारी ते प्रार्थना आटोपून बस पकडून येत, बरोबर सुके बोंबील आणत. अख्ख्या जगात काका न तपासता घरात घेत असलेली ती एकच वस्तू. डॉमनिकचं म्हणणं साधं होतं. "अरे, त्यो मेलाच न्हाय. पेटी उचलणारे बघ ना फोटोत, खांदा वाकलाय कुनाचा? रिकामी पेटी हाय ती. त्यो बसला आसंल कुठं तरी बेटावर, मासे मारत." मग काका उसळत, डॉमनिक शांतपणे चहा बशीत ओतत आणि स्वयंपाकघरातून काकू म्हणत, "दोघांनी मिळून त्या बिचाऱ्याला धड मरूही दिलं नाही." दुपारी जेवताना मात्र दोघं एकमेकांच्या ताटातला बोंबील उचलत.

गेल्या वर्षी एका सकाळी डॉमनिकच्या मुलाचा फोन आला. बाबा गेले. सकाळी उठले, ओट्यावर जाऊन बसले आणि बसल्या जागी मान टाकली. मी काकांना न्यायला गेलो तेव्हा काकूंनी मला बाजूला घेतलं. "ह्यांना तिथे काही बोलू देऊ नका. मरणाचं घर आहे." मी मान डोलावली, पण रिक्षात बसल्या बसल्याच काका सुरू झाले. परवा तर फोनवर हसत होता. दम नाही, मधुमेह नाही. पोहणारा माणूस. बसल्या जागी जातो म्हणजे काय? मध्येच त्यांनी रिक्षावाल्याच्या खांद्यावर हात ठेवला. "ये रास्ता क्यूं लिया?" तो म्हणाला, "साहब, उत्तन को दुसरा रास्ता किधर है?" काका माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "बघितलंत?" एरवी मी हसलो असतो. पण उत्तन येईपर्यंत त्यांनी तो हात रिक्षावाल्याच्या खांद्यावरून काढला नाही.

घरात माणसं दाटली होती. डॉमनिकना कोट घालून पेटीत ठेवलं होतं. काकांनी तिकडे बघितलंच नाही. त्यांनी मुलाला गाठलं. डॉक्टर कुठला, कधी आला, काय म्हणाला? मुलगा बिचारा रडून सुजलेल्या डोळ्यांनी उत्तरं देत होता. मी काकांची बाही ओढली, त्यांनी ती सोडवून घेतली. पेटीच्या उशाशी फिलोमिना वहिनी बसल्या होत्या, डॉमनिकच्या पत्नी. कोरड्या डोळ्यांनी भिंतीकडे बघत. काका त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले आणि मला ज्याची भीती वाटत होती तेच त्यांच्या तोंडून बाहेर पडलं.

"वहिनी, सकाळी चहा कोणी दिला त्याला?"

मुलगा पुढे सरसावला. फिलोमिना वहिनींनी त्याला हातानं थांबवलं आणि काकांकडे वर बघितलं.

"मीच दिला. दुसरं कोन देनार? रोज मीच देते." मग म्हणाल्या, "अर्धाच प्यायला. तुमी सकाळपासून काय घेतलं का? बसा. तुमाला पन करते."

आणि त्या खरोखरच उठल्या. सून, शेजारणी अडवत असताना आत गेल्या, स्वतः चहा करून घेऊन आल्या. काका खाली बसले. त्यांनी कप दोन्ही हातांत धरला. चहा ते शेवटच्या घोटापर्यंत प्यायले, आणि पिता पितानाच रडायला लागले. मोठ्यानं, नाक ओढत, लहान पोरासारखे. वहिनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. त्यांच्या स्वतःच्या डोळ्यांत तेव्हाही पाणी नव्हतं.

त्यानंतर काकांनी डॉमनिकबद्दल कुणालाही काही विचारलं नाही. आता रविवारी तेच बस पकडून उत्तनला जातात. फिलोमिना वहिनींच्या घरातलं वायरिंग जुनं आहे, त्यामुळे काम निघतच असतं. काका इंद्रलोकात असले तरी पूर्वीसारखी चौकशी होत नाही. मागे मी सीताफळं नेली तर सरळ आत घेऊन ठेवली. मलाच चुकल्यासारखं झालं.

म्हणून परवा मुद्दाम विषय काढला. 'आपल्या माणसा'च्या मृत्यूवर टीव्हीवर नवा कार्यक्रम आलाय, म्हटलं. हॉटेलमधली कुणी मोलकरीण म्हणते, त्या दिवशी खोलीतून भांडणाचा आवाज येत होता. मी वाट बघत राहिलो. काकांनी पोह्यांचा डबा काही काढला नाही.

"जावईबापू," ते म्हणाले, "ती बाई त्या दिवशी जेवली असेल का हो?"

"कोण?"

"त्याची बायको. इतक्या लोकांनी तिला इतकं विचारलं. हे कुणी विचारलं असेल का?"

काकांनी घड्याळ बघितलं, पिशवीत पक्कड आणि टेस्टर टाकला. वहिनींच्या बेडरूममधला पंखा आवाज करतोय, म्हणाले, आणि चपला घालून बस गाठायला निघाले.