बारकीच्या खोलीचं दार

माझा भाऊ कुलपं उघडतो. चोर नाही तो, धंदाच तो आहे. बाजाराच्या कोपऱ्यावर त्याची एवढीशी टपरी. भिंतभर लटकलेल्या कोऱ्या किल्ल्या, कानस, किल्ली कापायचं मशीन आणि एकच स्टूल. गिऱ्हाईक बसलं की मालकाला उभं राहावं लागतं. लोक त्याला किल्लीवाला म्हणतात. मी दादा म्हणते, आणि चिडले की वाट्टेल ते म्हणते.

दादाचा एक नियम आहे. कुणी धापा टाकत आलं, घराची किल्ली हरवली म्हणालं, तरी हा आधी त्या घराची बेल वाजवणार. मग शेजाऱ्यांना विचारणार, हे इथेच राहतात ना? त्यानंतरच पिशवी उघडणार. एकदा एका साहेबांनी त्यांच्याच दारात त्याच्यावर आवाज चढवला, तरी हा ढिम्म. शेजारीण बाजारातून परतेपर्यंत दोघं जिन्यात बसून राहिले. असा हा माणूस, आणि स्वतःच्या घरात नेमका उलटा वागला.

झालं असं. दादाची मुलगी बारकी कॉलेज अर्धवट टाकून होस्टेलवरून परत आली. बापापेक्षा वीतभर उंच झाली तरी घरात ती अजून बारकीच. का परत आली, ते सांगेना. खोलीत जायची, दाराच्या मुठीचं बटण आतून दाबायची, की संपलं. वहिनी हाका मारून दमली. मीही जाऊन डोकं फोडून आले. एका दुपारी आतून रडण्याचा आवाज आला आणि दादाचा धीर सुटला. खिशातून तार काढली, कुलपात घातली, आणि आम्ही हं म्हणेपर्यंत दार उघडलं. बारकी दारातच उभी होती. तिने बापाकडे बघितलं, त्याच्या हातातल्या तारेकडे बघितलं आणि दार परत लावून घेतलं.

तेव्हापासून ती त्याच्याशी बोलेना. आईशी बोलायची, माझ्याशी हो-नाही करायची, पण बाप समोर आला की ही भिंतीकडे बघणार. दादा पार खचला. जेवताना नुसती ताटात बोटं फिरवायचा. टपरीवर चुकीच्या किल्ल्या कापायला लागला. एकदा मला म्हणाला, "ती माझ्याशी परत कधी बोललीच नाही तर गं?" मी एरवी कुणाला उत्तर द्यायला मागेपुढे बघत नाही, पण तेव्हा उठून त्याच्यासाठी चहा टाकला.

मग वहिनीने कुणाकडून तरी एका समुपदेशक बाईंचा पत्ता काढला. पत्ता कसला, मोबाइलवरची लिंक. मला तर हसूच आलं. घरातली माणसं घरात एकमेकांशी बोलत नाहीत आणि मोबाइलमध्ये शिरून बोलणार म्हणे. पण बारकी चक्क तयार झाली. अट एकच, ती तिच्या खोलीतून बोलेल, दार लावून.

आता हे कसं चालतं ते बघितल्याशिवाय मला अन्न गोड लागणार होतं का? शनिवारी दुपारी मी मटार घेऊन हजर. दादा आणि वहिनी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी, मोबाइल साखरेच्या डब्याला टेकवलेला, आणि मी फ्रिजच्या आडोशाला स्टीलचं पातेलं घेऊन. मोबाइलवर तीन चौकटी. एकीत बाई, एकीत हे दोघं, एकीत बारकी. गंमत अशी की बारकी काही बोलली की ते आधी भिंतीतून ऐकू यायचं आणि मग मोबाइलमधून.

"तिथे आणखी कोणी आहे का?" बाईंनी विचारलं. "काहीतरी टपटप वाजतंय."

"आत्या असेल," बारकी म्हणाली. "ती नसेल असं होईल का?"

बाई तिला म्हणाल्या, तुला चालत नसेल तर आपण त्यांना बाहेर बसायला सांगू. बारकीने जरा विचार केला. "असू दे. पण मधे बोलायचं नाही तिने." मी मुकाट्याने शेंगा खाली ठेवल्या. इतका वेळ गप्प बसायची मला सवय नाही, जीव नुसता गुदमरला.

पहिल्या दोन-तीन खेपांना फारसं काही झालं नाही. वहिनी रडायची. दादा हाताची घडी घालून चौकटीतल्या स्वतःच्याच चेहऱ्याकडे बघत बसायचा. मला वाटलं, सगळा पोरखेळ आहे. मग एका शनिवारी बाईंनी त्याला सहज विचारलं, तुमचं काम नेमकं कसं चालतं? मला कुतूहल आहे. दादाची कळी खुलली. कुलपं किती तऱ्हेची, कुठलं नाटकी, कुठलं खरं हट्टी, सगळं सांगत सुटला.

"आणि अनोळखी घराचं दार उघडायचं असेल तर?"

"तर आधी बेल वाजवायची. आत कोणी असेल तर त्याने उघडावं. मग शेजाऱ्याला विचारायचं. घर ज्याचं, त्याचा होकार..." एवढं बोलून दादा थांबला.

"माझं दार तू वाजवलं नाहीस, बाबा," बारकी म्हणाली.

"घाबरलो होतो गं," दादा म्हणाला. "तू रडत होतीस. मला दुसरं काय येतं? बंद दिसलं की उघडायचं, एवढंच येतं मला."

"मी दार उघडायलाच उठले होते. तुला सगळं सांगणार होते. माझा हात मुठीवर होता, आणि मूठ माझ्या हातातच फिरली. बाहेरून."

हे आम्ही आधी भिंतीतून ऐकलं आणि मग मोबाइलमधून, म्हणजे दोनदा ऐकावं लागलं. वहिनीने तोंडाला पदर लावला. दादा मोबाइलकडे बघत नव्हता, भिंतीकडे बघत होता.

बाईंनी बारकीला विचारलं, "आता बाबांनी काय करावं असं वाटतं तुला?"

"थांबावं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी गेले तेव्हा दादा तिच्या दाराबाहेर जमिनीवर बसला होता. हत्यारांची पिशवी टपरीवरच ठेवून आला होता. वहिनीने सांगितलं, आल्या आल्या त्याने दार वाजवलं, "मी इथे बाहेर आहे, घाई नाही," म्हणाला आणि बसला तो बसलाच. मी त्याला चहा नेऊन दिला. तो त्याने बाजूला ठेवला. मी खूण केली, अरे, परत वाजव की. त्याने ओठांवर बोट ठेवलं. कुणाचा तरी फोन आला, किल्ली घरात राहून दार ओढलं गेलं होतं. "आज जमणार नाही," दादा हळूच म्हणाला. धंद्याला नाही म्हणताना मी त्याला कधी बघितलेलं नव्हतं.

किती वेळ गेला कोण जाणे. माझे पाय उभ्या उभ्या वळायला लागले. आणि मग आतून टक् असा आवाज आला. दादाने मान वर केली, पण जागचा हलला नाही. मूठ सावकाश फिरली आणि दार उघडलं.

"कधीपासून बसलायस?" बारकीने विचारलं.

"आत्ताच आलो," दादा म्हणाला.

त्याच्या गुडघ्याशी चहाचा कप होता, थंडगार, वर जाड साय धरलेली. बारकीने तो कप बघितला. मग बापाकडे बघितलं. "मग ये आत," ती म्हणाली आणि त्याला उठायला हात दिला.

दार लागलं. बटण दाबल्याचा आवाज आला, पण या वेळी बापही आत होता. तिने त्याला काय सांगितलं ते मला आजतागायत कळलेलं नाही. दादाला विचारलं तर म्हणतो, ते तिचं आहे, तिचा होकार आण. आणि मला ओळखणाऱ्यांना हे खरं वाटणार नाही, पण त्या दिवशी मी दाराला कान लावला नाही. कप उचलला आणि स्वयंपाकघरात वहिनीजवळ जाऊन बसले.