आधी फळ, मग मोगरा

स्टाफरूममध्ये किस्से कधी साठतात ते कळत नाही. डबा उघडला की एकेक निघतो, आणि तोच परत दुसऱ्या दिवशीही निघतो. कर्नाटकातल्या आळंदच्या आमच्या मराठी शाळेतले निम्मे किस्से तर एकाच गुलाबी बाटलीतले आहेत. हल्ली ते सांगताना हसू पूर्वीसारखं येत नाही, एवढंच.

बाटली विमलअक्कांची. पुण्यात नोकरी करणाऱ्या लेकीनं पाठवलेली. नवरा गेल्यापासून अक्कांनी केसात फूल माळलं नव्हतं, आणि त्याआधी एक दिवस गजऱ्याशिवाय शाळेत आल्या नव्हत्या. पहिल्यांदा सेंट मारून आल्या तेव्हा मीच हळूच विचारलं, "अक्का, घरी चालतंय का?"

"डोक्यात माळू नको म्हणले. मानंला लावू नको असं कुणी म्हणलं न्हाई!"

सगळे हसलो. अक्का जरा कमी हसल्या.

खोक्यावर पीच लिहिलेलं. आमच्यात पीच कुणी खाल्लेलं नाही! पीटीचे कुलकर्णी सर म्हणाले, हा पिकल्या जामाचा, म्हणजे पेरूचा वास. मी म्हणाले, लिची. वाद तास संपेपर्यंत चालला, आणि पुढचा तास घेऊन परत येऊन बघतो तर फळ गायब, नुसता मोगरा!

"आधी फळ, मग फूल," कुलकर्णी सर म्हणाले. "उलटं झाड हाय हे!"

अक्कांच्या सासू, म्हणजे आत्याबाई, ऐन तारुण्यात विधवा झालेल्या. पहिल्याच दिवशी त्यांनी अक्कांना उंबऱ्यातच अडवलं. "आपल्यासारखीला वास कामून लागतंय गं?"

तेव्हापासून शाळा सुटली की अक्का नळावर मान घासून धुवायच्या आणि मगच घरी जायच्या. मला ते बघवायचं नाही. कुलकर्णी सर मात्र रोज ओरडायचे, "अक्का, झाडाला पाणी घालायलाव व्हय?"

मग गुलबर्ग्याहून तपासणीला साहेब आले. अस्सल कन्नड. वर्गात शिरताच त्यांनी नाक वर करून विचारलं, हा कसला वास?

अक्कांचं कन्नड कामापुरतं, त्यात घाबरलेल्या. फळाचा वास, म्हणजे 'हण्णिन वासने' म्हणायचं होतं. तोंडातून निघालं, "हेणद वासने, सर!"

हण्णु म्हणजे फळ. हेण म्हणजे मढं!

साहेबांनी रुमाल नाकाला लावला आणि तपासणी व्हरांड्यातूनच उरकली. त्या दिवसापासून स्टाफरूममध्ये सेंटचं नाव 'हेण' पडलं. अक्कांनी भीत भीत घरी सांगितलं. आत्याबाईंचं माहेर कानडी. त्या पदर तोंडात कोंबून हसल्या म्हणे, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत! लग्न होऊन आल्यापासून त्यांना असं हसताना अक्कांनी पाहिलंच नव्हतं.

त्यानंतर घरच्या कपाटातली बाटली भराभर उतरायला लागली. "मी तर सकाळी एकदाच मारायले," अक्का म्हणायच्या. सायन्सच्या पाटील मॅडमनी बाष्पीभवन समजावून सांगितलं. "कपाट गरम होत असंल. बाटली माठाजवळ ठेवा!" अक्कांनी खरंच ठेवली. तरी उतरतच राहिली.

संक्रांतीनंतर आत्याबाई झोपेतच गेल्या. आम्ही सगळ्या बायका गेलो. अंगणात आडोसा धरून त्यांना अंघोळीला बसवलं होतं. शेजारच्या म्हातारीनं तांब्या अक्कांच्या हातात दिला. आत्याबाईंच्या केसांची गाठ सोडायला अक्का वाकल्या, आणि वाकलेल्याच राहिल्या.

मी मागेच उभी होते. मलाही तो वास आला. फळ उडून गेलं होतं, मोगरा राहिला होता.

"घाल की गं पाणी," म्हातारी म्हणाली. "कामून थांबलीस?"

अक्कांनी तांब्या खाली ठेवला. आत्याबाईंच्या मानेवर पदर ओढला.

"पायावर घाला," त्या म्हणाल्या. "मानंला पाणी लावू नका."